नाव घ्यायचं ते कसं? जॅझ वादकांच्या नावांचे उच्चार



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता निवृत्तीत नावांचे उच्चार शिकवणार?" थट्टा होती, पण प्रश्न रास्त होता. तेव्हा आधी एवढंच सांगतो की जॅझ हा माझा पन्नासेक वर्षांचा छंद, आणि 'नाव म्हणजे काय' हा माझ्या विषयातला जुना प्रश्न. आज हे दोन्ही एकत्र आले आहेत. व्याख्यानाचा पहिला भाग व्यवहाराचा आहे: कोणतं नाव कसं म्हणायचं. दुसरा भाग थोडा विचाराचा: 'बरोबर' उच्चार म्हणजे कुणाचा उच्चार?

जॅझ आमच्यापर्यंत दोन वाटांनी आलं, तिथून सुरुवात करू. एक वाट डोळ्यांची. तबकडीचं वेष्टन हातात यायचं, त्यावर नावं छापलेली असायची, आणि आम्ही ती शाळेत शिकलेल्या इंग्रजीप्रमाणे वाचायचो. दुसरी वाट कानाची. 'व्हॉईस ऑफ अमेरिका'वर १९५५पासून विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. लघुलहरींवर खरखरत यायचा, पण कॉनोव्हर धीम्या आणि खर्जातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायचे, कारण ऐकणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नाही हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना नावं या कानाच्या वाटेनं मिळाली त्यांचे उच्चार बरे राहिले. डोळ्यांच्या वाटेनं मिळाली ते माझ्यासारखे फसले. मी कित्येक वर्षं 'डिझी जिलेस्पी' म्हणत होतो.

तर आधी या फसण्याचे प्रकार पाहू. ते चारच आहेत.

पहिला प्रकार: अक्षर एक, आवाज अनेक. इंग्रजी 'जी' हे अक्षर कधी 'ग' असतं, कधी 'ज'. डिझी यांचं आडनाव 'गिलेस्पी', त्यात 'ग' आहे. गिल इव्हान्स यांच्यातही 'ग'. पण बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे मलिगन मात्र 'जेरी', आणि तेही 'जी'नंच लिहितात. याला नियम नाही, लक्षातच ठेवावं लागतं. 'ओ'चंही तसंच. पियानोवादक मंक यांचं आडनाव वाचताना आपल्या तोंडून हमखास 'मॉंक' निघतं. ते 'मंक' आहे. सॅक्सोफोनवादक रॉलिन्स हे 'सनी', 'सोनी' नव्हेत. याउलट कोल्ट्रेन यांच्या नावात 'को' आहे, 'कॉ' नाही. त्यांचे मित्र त्यांना लाडानं नुसतं 'ट्रेन' म्हणत, आणि त्यांच्या १९५७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'ब्लू ट्रेन' या तबकडीच्या नावात आगगाडी आणि आडनाव दोन्ही एकदम आहेत. हा श्लेष ज्याच्या ध्यानात राहिला त्याचा उच्चार पुन्हा चुकत नाही.

दुसरा प्रकार: अक्षर आहे, आवाज नाही. सोप्रानो सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे सिडनी यांचं आडनाव लिहिलेलं पाहिलं तर 'बेचेट' वाचावंसं वाटतं. ते 'बेशे' आहे. ते १८९७ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मले, तिथल्या क्रिओल समाजातले. त्या समाजाची घरची भाषा फ्रेंच वळणाची, म्हणून शेवटचा 'ट' मुका. पुढे ते फ्रान्समध्येच स्थायिक झाले आणि १९५९ साली तिथेच वारले, तेव्हा नाव अखेर आपल्या भाषेत परतलं म्हणायचं. बेल्जियमचे हार्मोनिकावादक टूट्स यांच्या आडनावात 'टी'नंतर 'एच' येतो, म्हणून आपण 'थीलमन्स' म्हणतो. तो 'एच' मुका आहे, 'टीलमान्स' म्हणावं.

आणि गिटारवादक जँगो! त्यांच्या नावात 'जे'च्या आधी 'डी' लिहिलेला दिसतो. तो मुका आहे एवढं आता बहुतेकांना माहीत असतं, पण तो तिथे मुळात आला कशाला, हे सांगतो. फ्रेंचमध्ये नुसता 'जे' लिहिला तर त्याचा आवाज होतो 'मेझर', 'प्लेझर' या शब्दांच्या मधोमध येतो तसा, घासून येणारा. आपला जगातला 'ज' फ्रेंच लिपीत उतरवायचा तर 'जे'च्या आधी 'डी' लावावा लागतो. आफ्रिकेतल्या 'जिबूती' या देशाच्या नावातला 'डी' असाच आलेला आहे. म्हणजे तो 'डी' वेगळा म्हणायचा नाही, त्यानं शेजारच्या अक्षराचा आवाज बदलायचा. आपल्या नुक्त्यासारखं त्याचं काम. जँगो हे सिंती समाजातले, १९१० साली बेल्जियममध्ये जन्मले, पॅरिसच्या आसपास वाढले. आडनावाचा उच्चार फ्रेंच माणूस 'रेनार्त' करतो, इंग्रजी बोलणारे 'राइनहार्ट' म्हणतात. ज्या मुलखात ते वाढले आणि वाजले, तिथला पहिला.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: अक्षरं सगळी बरोबर, पण जोर चुकीच्या जागी. मराठीत प्रत्येक अक्षराला आपण साधारण सारखं माप देतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असतो, पण एका अक्षरावर आघात करून बाकीची गिळायची, ही आपली रीत नाही. इंग्रजीची तीच रीत आहे. मंक यांचं पहिलं नाव घ्या. आपण 'थे-लो-नि-य-स' अशी पाच दाणे मोजल्यासारखी अक्षरं म्हणतो. खरा उच्चार 'थ-लो-निअस', आघात 'लो'वर, बाकीचं हलकं. गिलेस्पी यांत आघात 'लेस्'वर. बेशे यांत 'शे'वर. ऑर्नेट कोलमन यांच्या पहिल्या नावात 'नेट'वर. गिटारवादक बिल यांचं आडनाव 'फ्रि-झेल', आघात 'झेल'वर. मार्सालिस बंधूंच्या आडनावात 'मार्'वर नव्हे, मधल्या अक्षरावर. मिंगस यांत मात्र पहिल्यावर, आणि 'ग' स्पष्ट: 'मिंग्-गस'.

आघातानं एवढं काय बिघडतं, असं वाटेल. आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण कशाला शिकायचं हे सांगताना 'इंद्रशत्रू' या शब्दाची आठवण दिली आहे. कथा आपल्याला ठाऊक आहे. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. यज्ञात शब्द उच्चारला 'इंद्रशत्रू'च, पण स्वर चुकला. शेवटच्या अक्षरावर उदात्त हवा होता, म्हणजे 'इंद्राचा मारेकरी' असा अर्थ झाला असता. तो पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. वैदिक स्वर हा सुरांच्या चढउताराचा आणि इंग्रजी आघात हा जोराचा, हा भेद मी विसरलेलो नाही. पण मुद्दा एकच आहे. अक्षरं तीच ठेवून शब्द बदलता येतो. आपण 'थेलोनियस' सपाट म्हणतो तेव्हा समोरच्या अमेरिकन माणसाला कळत नाही ते आपल्या 'थ'मुळे नाही, सपाटपणामुळे.

चौथा प्रकार: नाव इंग्रजी नाहीच, आणि आपण ते इंग्रजी समजून वाचतो. इथे मराठी माणसाच्या पदरी एक भांडवल आहे, त्याचा आपल्याला पत्ता नसतो. आपण अभिमानानं सांगतो, देवनागरीत जसं लिहितो तसं बोलतो. खरंच का? 'चार' म्हणा. आता 'चारा' म्हणा. 'च' एकच लिहिला, आवाज दोन झाले. 'जग' म्हणा आणि 'जवळ' म्हणा. पुन्हा तेच. हा दुहेरी 'च' आणि दुहेरी 'ज' हिंदीभाषकांना शिकावा लागतो, आपल्याला तो आईच्या दुधातून मिळतो. व्हिएन्नात जन्मलेले पियानोवादक जो यांचं आडनाव इंग्रजी 'झेड'नं सुरू होतं. अमेरिकेत त्यांना 'झाविनुल' म्हणत. पण जर्मनमध्ये त्या अक्षराचा आवाज आपल्या 'चाक'मधल्या 'च'चा आहे. 'चाक' म्हणायला जीभ जिथे लावता तिथेच लावून 'चाविनुल' म्हणा, व्हिएन्नाचा माणूस खूश होईल. सॅक्सोफोनवादक स्टॅन यांचं आडनावही असंच: शेवटी 'झ' नाही, 'गेट्स' म्हणायचं.

नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक गार्बारेक यांचं पहिलं नाव इंग्रजी महिन्यासारखं दिसतं, पण तिकडे 'जे' म्हणजे 'य'. ते 'यान' आहेत.

आता ब्राझील. 'बोसा नोव्हा'चे रचनाकार आंतोनियो कार्लोस यांचं आडनाव 'जोबिम' असं वाचलं जातं. पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा 'जे' तो 'मेझर'मधला घासरा आवाज, आणि शेवटचा 'एम' हा ओठ मिटून म्हणायचा नाही, तो नाकात जातो. देवनागरीत जवळात जवळ 'झोबीं' असं अनुस्वारानं लिहिता येईल, आघात शेवटी. १९६४च्या 'गेट्झ/गिल्बर्टो' या नावानं आपण ओळखतो त्या तबकडीवरचे गायक-गिटारवादक इंग्रजी धाटणीनं 'जोआओ गिल्बर्टो' होतात. म्हणायचं 'झुआंव झिल्बेर्तू'. (आणि त्या तबकडीचं नाव मी आत्ता सवयीनं चुकीचं म्हटलं. 'गेट्स' म्हणा. सवय अशी असते.) गोव्यातल्या श्रोत्यांना हे ऐकून हसू येत असेल, कारण त्यांच्याकडे हे नाव चारशेपेक्षा जास्त वर्षं घरात नांदतं आहे. तिथे ते 'जुवांव' आहे. चोवीस जूनला विहिरीत उड्या मारून 'सांजाव' साजरा होतो, त्यातला 'जांव' तोच. 'जुझे' हे गोव्यातलं नाव आणि स्पॅनिशमधलं 'होसे' यांचं स्पेलिंग एकच. म्हणून क्यूबाचा वादक असेल तर 'होसे' आणि ब्राझीलचा असेल तर 'झुझे'. आधी माणूस कुठला ते विचारायचं, मग नाव वाचायचं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मूळ भाषा शोधा, तिचे नियम लावा, झालं. मीही बरीच वर्षं असंच मानत होतो. ते कसं मोडलं ते सांगतो.

माझ्याकडे तेव्हा महिन्यातून एकदा विद्यार्थी रेकॉर्डी ऐकायला जमत. एका बैठकीत मी बिक्स यांचा कॉर्नेट ऐकवला. १९०३ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टला जन्मलेले, अठ्ठावीस वर्षांचं आयुष्य, अतिशय निर्मळ सूर. एका मुलीनं आडनाव 'बायडरबेक' असं म्हटलं. मी लगेच दुरुस्त केलं. म्हटलं, आडनाव जर्मन आहे, जर्मनमध्ये शेवटचा 'ई' मुका नसतो, 'बायडरबेके' म्हणायचं. माझं जर्मन कांटपुरतं आहे, पण तेवढं मिरवायला पुरतं. मागे भिंतीला टेकून एक विद्यार्थी बसला होता. त्यानं विचारलं, "सर, पण ते स्वतः काय म्हणायचे?"

मी म्हटलं, ते कसं कळणार? तो म्हणाला, "कळू शकेल, सर. मी विचारतोय कारण तुम्ही मला तीन वर्षं वेगळ्या नावानं हाक मारताय."

त्याचं नाव मी इथे सांगत नाही. समजा, 'किसन' होतं. हजेरीपटावर 'किसन'च लिहिलेलं होतं. आणि मी तीन वर्षं त्याला 'कृष्णा' म्हणत होतो. वाईट हेतू नव्हता. उलट, मला वाटायचं मी त्याला त्याच्या नावाचं शुद्ध रूप परत देतो आहे. तो म्हणाला, "नाव आजीनं ठेवलंय. तिला कृष्णा म्हणता यायचं नाही असं नाही. तिला किसनच म्हणायचं होतं."

त्या संध्याकाळी पुढची रेकॉर्ड लावायला मला जरा वेळ लागला.

नंतर मी तपास केला. बिक्स यांच्या आयोवातल्या घरात आणि मित्रांत आडनाव 'बायडरबेक' असंच म्हटलं जाई. मुलगी बरोबर होती. मी जर्मन भाषेशी प्रामाणिक राहिलो होतो आणि त्या माणसाशी अप्रामाणिक. आपल्या परंपरेत याची मुळं आहेतच. पतंजलीच सांगतात की 'गौः' हा शब्द एक, आणि त्याची 'गावी', 'गोणी' अशी लोकांच्या तोंडची रूपं अनेक, ते सगळे अपशब्द. शब्दांच्या बाबतीत या भूमिकेवर वाद घालता येईल. पण विशेषनामाच्या बाबतीत ती चालतच नाही. नाव हे भाषेच्या मालकीचं नसतं. ते माणसाच्या मालकीचं असतं.

हे एकदा पटलं की बरीच कोडी सुटतात. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातले टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस. १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्यांनी एका रचनेत सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली आणि शांत बसलेला समुदाय उठून नाचू लागला. हे आडनाव ऐकून आपल्याला वाटतं, आपल्या गोव्याचेच. नव्हेत. त्यांचे आईवडील केप व्हर्डे बेटांवरचे. तिथेही पोर्तुगीज, गोव्यातही पोर्तुगीज, म्हणून आडनाव एक. लिस्बनचा माणूस ते 'गोंसाल्व्श'सारखं म्हणेल, गोव्यात आणि मुंबईत आपण 'गोन्साल्विस' म्हणतो. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तर १९७७च्या चित्रपटगीतानं घराघरात पोचवलं. पॉल यांचं काय म्हणायचं? न्यूपोर्टच्या त्या ध्वनिमुद्रणात शेवटी एलिंग्टन स्वतः गर्दीच्या गलक्यात त्यांचं नाव पुन्हा पुन्हा पुकारताना ऐकू येतात. उच्चार अमेरिकन वळणाचा आहे. तो ऐकावा आणि तसा म्हणावा. लिस्बनला विचारायची गरज नाही.

होरेस सिल्व्हर यांचंही मूळ तिथलंच. त्यांचे वडील केप व्हर्डेचे, आडनाव 'सिल्वा', गोव्यात आजही गल्लोगल्ली आढळणारं. पुढे ते 'सिल्व्हर' झालं. मूळ 'सिल्वा' आहे म्हणून आपण 'होरेस सिल्वा' म्हणायचं का? नाही. ते ज्या नावानं वावरले ते नाव.

आणि एक कोडं आपल्या अगदी दाराशी येतं. जॉन आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्या मुलाचं नाव त्यांनी पंडित रविशंकरांवरून 'रवी' ठेवलं. हा मुलगा, १९६५चा जन्म, स्वतः नामांकित सॅक्सोफोनवादक. अमेरिकेत त्या नावाचा उच्चार 'रावी'च्या जवळ जातो. नाव आपलं, शब्द आपला, सूर्य आपला! 'रावी' ऐकलं की दुरुस्त करावंसं वाटतंच. मला अजूनही वाटतं. अशा वेळी मी माझ्या त्या विद्यार्थ्याची आठवण काढतो आणि गप्प बसतो.

आता जरा गंभीर गोष्टीकडे येतो. हे नाव-प्रकरण जॅझच्या बाबतीत केवळ शिष्टाचाराचं नाही. ही कला उभी केली ती प्रामुख्यानं अशा समाजानं, ज्याची नावं एके काळी मालकानं ठेवलेली होती. गुलामी कायद्यानं संपली तरी दक्षिणेत गोरा माणूस काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणत नसे. पहिलं नाव, किंवा 'बॉय', आणि म्हातारा झाला तर 'अंकल'. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या तरुण कार्यकर्तीला सरकारी वकिलानं 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. गोऱ्या साक्षीदारांना आडनावानं, मानानं बोलावत होते. तिनं 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायला नकार दिला. तिला न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली. एका संबोधनासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

या पार्श्वभूमीवर जॅझमधली नावं पुन्हा ऐका. 'किंग' ऑलिव्हर, 'ड्यूक' एलिंग्टन, 'काउंट' बेसी. बिली हॉलिडे यांना लेस्टर यंग यांनी नाव दिलं 'लेडी डे', आणि त्यांनी यंग यांना 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट. बाहेरचं जग 'मिस्टर' म्हणत नव्हतं, तेव्हा या माणसांनी एकमेकांना राजे, सरदार आणि राष्ट्राध्यक्ष केलं. ती निव्वळ टोपणनावं नव्हेत. म्हणून 'काउंट बेसी'मधला 'बे' आपण 'बॅ' करतो तेव्हा मला खटकतं.

काहींनी नावच बदललं. पिट्सबर्गचे पियानोवादक फ्रेडरिक रसेल जोन्स यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९५०च्या सुमारास ते 'अहमद जमाल' झाले. हे नाव मराठी किंवा उर्दू कानाला इतकं ओळखीचं, की इथे आपण बऱ्याच अमेरिकन निवेदकांपेक्षा बरा उच्चार करतो. डबल बास वाजवणारे मिंगस यांना कुणी 'चार्ली' म्हटलेलं खपत नसे, ते 'चार्ल्स' होते. आणि चार्ली पार्कर मात्र 'चार्ली'च. नियम नाही; माणसाला विचारायचं. याच मिंगस यांच्या १९५९च्या तबकडीचं नाव आहे 'मिंगस आह अम'. लॅटिन शाळेत मुलं विशेषणाची 'अस, आ, अम' अशी रूपं घोकतात, आपण 'रामः रामौ रामाः' घोकायचो तशी. आपलं आडनाव 'अस'नं संपतं हे पाहून त्यांनी त्याचीच रूपं चालवली. नावाबद्दल इतका जागरूक माणूस नावाशी खेळूही शकत होता. फरक एवढाच, की खेळ त्यांचा होता, दुसऱ्याचा नव्हे.

दुसऱ्यानं केलेल्या खेळाचंही उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबमध्ये पी वी मार्केट हे निवेदक होते. आर्ट ब्लेकी यांच्या १९५४च्या तिथल्या ध्वनिमुद्रणावर त्यांचा चिरका आवाज आजही ऐकू येतो. त्यांच्याबद्दल वादक मंडळी सांगत की ज्यानं हातावर बक्षिसी ठेवली नाही, त्याचं नाव ते मंचावरून मुद्दाम वेडंवाकडं उच्चारत. नाव बरोबर घेतलं जाणं ही किती मोलाची गोष्ट, हे त्यांना नेमकं समजलं होतं. नाही तर तिची किंमत वसूल करता आली नसती.

आता माझ्याच नियमाला जिथे ठेच लागते ते उदाहरण देतो, नाही तर तुम्ही ते प्रश्नोत्तरांत काढालच. आर्मस्ट्रॉंग 'लुई' की 'लुइस'? १९६४ साली गाजलेल्या 'हॅलो, डॉली!'मध्ये ते स्वतःचं नाव घेतात, आणि शेवटचा 'स' लख्ख ऐकू येतो. मग निकाल लागला? पण १९३३ साली त्यांनीच 'लाफिन लुई' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आहे. मित्र, चाहते, निवेदक आयुष्यभर 'लुई' म्हणत राहिले आणि त्याबद्दल ते भांडत बसले नाहीत. आपल्या मुंबईत चिक चॉकलेट यांना, म्हणजे गोव्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांना, 'भारताचा लुई आर्मस्ट्रॉंग' म्हणत, 'लुइस' नव्हे. तेव्हा माझं मत असं: 'लुइस' म्हटलंत तर त्यांच्या शब्दाला धरून होईल, 'लुई' म्हटलंत तर त्यांच्या स्वभावाला धरून. दोन्हींपैकी कशावरूनही कुणाला हसू नका.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली म्हटलं की विशेषनाम हे नुसतं दाखवतं, वर्णन करत नाही. पुढे १९७० साली प्रिन्स्टनच्या तीन व्याख्यानांत सॉल क्रिप्की यांनी विचारलं, मग एक नाव शेकडो वर्षं आणि हजारो मैल ओलांडून त्याच माणसापर्यंत कसं पोचतं? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: कुठे तरी बारसं होतं. तिथे असलेले लोक ते नाव दुसऱ्यांना देतात, ते तिसऱ्यांना, आणि अशी साखळी तुमच्यापर्यंत येते. तुम्हाला त्या माणसाबद्दल फारसं काही ठाऊक नसलं तरी चालतं, तुम्ही त्या साखळीत असलात की झालं. (आणि हो, आमच्या विभागात आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'क्रिप्के' म्हणत होतो. ते 'क्रिप्की' आहेत. देकार्तला 'डेस्कार्टस' म्हणणाऱ्या मुलांना हसणारे आम्ही!)

क्रिप्कींना उच्चाराची चिंता नव्हती. चुकीच्या उच्चारानंही नाव त्याच माणसाला लागतं, हे खरंच आहे. मी 'जिलेस्पी' म्हणत होतो तेव्हाही बोलत होतो गिलेस्पींबद्दलच. पण साखळीत असणं आणि साखळीतली आपली कडी नीट धरणं यात फरक आहे. नाव माझ्याकडे कुणाच्या तरी तोंडून आलं आणि माझ्या तोंडून कुणाच्या तरी कानात जाणार आहे. मधे मी ते वाकवलं, तर पुढच्याला वाकलेलंच मिळेल.

करायचं काय, ते तीन वाक्यांत सांगतो. नाव वाचून म्हणण्याआधी एकदा ऐका, आणि शक्यतो त्या माणसाच्या किंवा त्याच्या साथीदाराच्या तोंडून. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात शेवटी वादकांची ओळख करून देतात, तो भाग पुढे ढकलू नका. ऐकायला मिळालं नाही तर माणूस कुठला ते शोधा आणि तिथल्या भाषेचा अंदाज घ्या, पण तो अंदाज आहे हे विसरू नका. आणि कुणी चुकलं तर चारचौघांत दुरुस्त करू नका. आपण बोलताना तेच नाव बरोबर म्हणा, ऐकणारा ऐकतो.

उच्चार ही दुसऱ्याला मारायची काठी नव्हे. मी ती तशी वापरली होती, आणि ती माझ्यावरच उलटली. तो विद्यार्थी आजही अधूनमधून फोन करतो. मी त्याच्या आजीनं ठेवलेल्या नावानं त्याला हाक मारतो.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांतून प्रश्न: सर, आपल्या तोंडाला जे आवाज जमतच नाहीत त्यांचं काय करायचं?

उत्तर: चांगला प्रश्न. जमत नाही आणि जमवायचा प्रयत्न करत नाही, या वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्तुगीज अनुनासिक मला आजही नीट जमत नाही. पण 'जोबिम' आणि 'झोबीं' यांत मी दुसऱ्याकडे झुकलो, तर ऐकणाऱ्याला कळतं की या माणसानं कष्ट घेतलेत. आपल्याकडे परदेशी पाहुणा 'ळ' म्हणायला जातो आणि 'ल'च निघतो, तेव्हा आपण काय करतो? हसतो, पण मायेनं. तेवढी माया समोरचाही दाखवतो, असा माझा अनुभव आहे.